दुधातले पाणी आणि बातमीतले पाणी

‘दुधातील भेसळ थांबली नाही, तर २०२५ सालापर्यंत ८७ टक्के भारतीयांना कर्करोग होईल, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला आहे.’ हे वाक्य ज्याच्या नजरेखालून गेले नाही असा सुशिक्षित गृहस्थ आज सापडणे कठीण. २०१८ सालापासून ते वृत्तपत्रांत छापून आले, वाहिन्यांवर गंभीर मुद्रेने उच्चारले गेले आणि पुढे व्हॉट्सअॅपच्या पंखांवर बसून घरोघरी पोहोचले. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने असा कोणताही इशारा कधी दिलेलाच नव्हता. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तसे स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागानेही जाहीर खुलासा केला. २०२५ साल उजाडले. दर शंभरांतील सत्त्याऐंशी माणसे कर्करोगाने ग्रासल्याचे कोठे दिसले नाही. तरीही ते वाक्य मरेल असे समजण्याचे कारण नाही. फार तर त्यातील साल बदलेल.

मुंबई-पुण्याच्या सदनिकेत ही बातमी वाचली जाते तेव्हा ती आरोग्याची बातमी असते. संगमनेर तालुक्यात वाचली जाते तेव्हा ती घरखर्चाची बातमी होते. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरील हे गाव शाहीर अनंत फंदी यांचे म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात तालुक्याला जी आर्थिक ओळख मिळाली ती सहकारी साखर कारखान्याने आणि दुधाने. नदीकाठी ऊस उभा राहतो. पठारभागात मात्र पाऊसच बेभरवशाचा. तेथे कुटुंब तगून राहते ते गोठ्यातील दोन-चार संकरित गाईंवर. संस्थेकडून ठरलेल्या दिवशी हाती येणाऱ्या रकमेला गावोगावी ‘दुधाचा पगार’ म्हणतात, यातच सारे आले. किराणा, मुलांचे शुल्क, म्हाताऱ्यांची औषधे हे सारे त्या पगारातून भागते. शहरातील एका गृहिणीने बातमी वाचून घरातील दुधाची एक पिशवी कमी केली, तर त्याची झळ फिरत फिरत पठारावरच्या त्या गोठ्यापर्यंत येते. तिला हे ठाऊक नसते, आणि त्यात तिचा दोषही नाही.

या शेतकऱ्याला दुधाविषयी कोणी काही शिकविण्याची आवश्यकता नाही. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या कसोटीवर ठरतो, हे त्याच्या घरातील शाळकरी मुलीलाही पाठ असते. संकलन केंद्रावर त्याचे दूध रोज सकाळ-संध्याकाळ तपासले जाते. उन्हाळ्यात हिरवा चारा आटला, गाईला उष्म्याचा त्रास झाला, खुराकात खंड पडला, की एसएनएफ घसरतो. थेंबभर पाणी न घालताही दूध कमी प्रतीचे ठरते आणि दर कापला जातो. ‘प्रमाणापेक्षा कमी’ आणि ‘भेसळयुक्त’ या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे त्याला खिशाला कात्री लागून समजलेले आहे. वृत्तसंपादकाला बहुधा ते समजलेले नसते.

देशातील दुधाविषयीची आणखी एक प्रसिद्ध ‘माहिती’ याच अज्ञानातून जन्मली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली देशभरातून दुधाचे १,७९१ नमुने गोळा केले. त्यांपैकी ६८.४ टक्के नमुने ठरविलेल्या मानकांत बसले नाहीत. बातम्यांत छापून आले ते असे, की देशातील ६८ टक्के दूध भेसळीचे आहे. प्रत्यक्षात मानकांत न बसलेल्या नमुन्यांचा मोठा भाग फॅट किंवा एसएनएफ कमी भरलेल्या दुधाचा आणि पाणी मिसळलेल्या दुधाचा होता. धुण्याच्या पावडरीचा अंश १०३ नमुन्यांत आढळला. हे प्रमाण लहान म्हणून सोडून देण्याजोगे नाही. दुधात पाणी घालणे हीदेखील ग्राहकाची फसवणूकच आहे. पण ‘दुधात पाणी’ आणि ‘दुधात विष’ या एकच गोष्टी नव्हेत. वाचकाच्या मनात राहिले ते विष.

पुढे २०१८ साली प्राधिकरणाने अधिक मोठे सर्वेक्षण केले. ६,४३२ नमुने तपासले गेले. हानिकारक भेसळ आढळली ती केवळ १२ नमुन्यांत, आणि ९३ टक्के नमुने पिण्यास सुरक्षित ठरले. या अहवालात एक खरी चिंतेची बाब होती. सुमारे पावणेसहा टक्के नमुन्यांत ‘अफ्लाटॉक्सिन एम १’ हे विषारी द्रव्य मर्यादेपेक्षा अधिक सापडले. ते कोणी दुधात ओतत नाही. बुरशी लागलेली पेंड, ओलसर साठविलेला मका, काळा पडलेला चारा जनावराच्या पोटात गेला की ते दुधात उतरते. उपाय गोठ्यात आणि पशुखाद्याच्या गोदामात करावयाचा आहे. छापा घालून तो होणार नाही. म्हणजे ज्या धोक्याची बातमी व्हावयास हवी होती ती फारशी झाली नाही, आणि जो इशारा कोणी दिलाच नव्हता त्याने वर्षानुवर्षे रकाने भरले.

येथे एक गोष्ट निःसंकोचपणे सांगितली पाहिजे. भेसळ हे काही शत्रूने रचलेले कुभांड नव्हे. २०२३ साली याच जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यात दूधभेसळीचे मोठे प्रकरण उघडकीस आले. अशा प्रकारांमुळेच ८७ टक्क्यांचे असत्य पचनी पडते. ज्या असत्यात सत्याचा अंश नाही ते फार काळ टिकत नाही. जे टिकते ते अर्धसत्य असते. अश्वत्थामा मेला असे युधिष्ठिराने सांगितले तेव्हा त्या नावाचा हत्ती खरोखरच मेलेला होता, आणि म्हणून तर द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. शकुनीने सांगितले असते तर त्यांनी ठेवले नसते. बोलणारा विश्वासार्ह आणि बोलण्यात खऱ्याचा आधार, एवढे दोन घटक जुळले की विद्वान आचार्यही फसतो. मग रात्रीचे जेवण आटोपून भ्रमणध्वनी चाळणाऱ्या सामान्य माणसाची काय कथा!

खरा प्रश्न यापुढे आहे. दुधाची खोटी बातमी वाचून संगमनेरचा दूध उत्पादक हसतो, चिडतो, ‘पेपरवाल्यांना दुधातले काय कळते’ असे म्हणतो. आणि नंतर तोच गृहस्थ पान उलटून लसीकरणाविषयी, परदेशातील दंगलीविषयी किंवा दुसऱ्या जिल्ह्यातील एखाद्या समाजाविषयी छापलेला मजकूर निर्धास्तपणे खरा मानतो. ज्या वृत्तपत्राला दुधातले कळत नाही त्याला त्या विषयांतले कळत असेल, असे त्याने कशावरून ठरविले? हा दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. शिक्षक शिक्षणाच्या बातमीतील चूक हेरतो आणि शेतीची बातमी गिळतो. वकील न्यायालयाच्या बातमीवर हसतो आणि औषधाच्या बातमीवर घाबरतो. असत्य ओळखण्याची शक्ती प्रत्येकाजवळ आहे, पण ती ज्याच्या त्याच्या व्यवसायापुरती. त्या कुंपणापलीकडे सारेच भाबडे.

फेब्रुवारी २०२० मध्ये याचा कडू अनुभव कुक्कुटपालकांनी घेतला. कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो असे संदेश, सोबत आजारी कोंबड्यांची चित्रे, असा मजकूर राज्यभर फिरू लागला. केंद्रीय पशुसंवर्धन आयुक्तांनी त्याच महिन्यात खुलासा केला की कोंबड्यांचा या रोगाच्या प्रसाराशी संबंध आढळलेला नाही. खुलासा छापला गेला, वाचलाही गेला. पण बाजार कोसळायचा तो कोसळलाच. पक्षी उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली, अक्षरशः मातीमोल भावाने गेले. मार्चमध्ये बेळगाव जिल्ह्यात एका पोल्ट्रीचालकाने हजारो पिले जिवंतपणी खड्ड्यात पुरल्याचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. सहा आठवड्यांत पक्षी वाढवून द्यावयाचा, पिले व खाद्य कंपनीचे, शेड आणि कष्ट शेतकऱ्याचे, अशा कराराने हा धंदा अनेक ठिकाणी चालतो. कंपनीने नवी पिले टाकणे थांबविले की शेड रिकामी पडते. शेडसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. संगमनेर-सिन्नर पट्ट्यात दुधाला जोड म्हणून कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांना या गणिताची फोड करून सांगावी लागत नाही.

या भीतीला पूर्वपीठिका होती. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ खरोखरच आली होती आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. ती बातमी खरी होती. मात्र नवापूरची साथ म्हणजे महाराष्ट्रातील प्रत्येक कोंबडीची साथ, असा अर्थ वाचकाने त्याच वेळी मनात पक्का करून घेतला. चौदा वर्षांनी आलेल्या खोट्या बातमीला ती जुनी खरी बातमी साक्षीदार म्हणून मिळाली.

त्याहून विलक्षण कथा दहा रुपयांच्या नाण्याची. हे नाणे चालत नाही, ही अफवा महाराष्ट्रातील बाजारपेठांत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून राहिली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाही प्रकार वैध आहेत. पुष्कळ दुकानदारांना ते माहीत होते. तरी ते नाणे नाकारीत. कारण विचारले तर उत्तर मिळे की, ‘मला मान्य आहे हो, पण पुढचा घेत नाही.’ अफवेवर कोणाचाच विश्वास नसतानाही अफवा राज्य करू शकते, ती अशी. बातम्यांचा ग्राहक स्वतःला शहाणा आणि इतरांना भोळे समजतो. त्या इतरांच्या भोळेपणाला भिऊन तो जे वागतो, ते भोळ्या माणसाच्या वागण्याहून तसूभरही निराळे नसते.

सामान्य वाचक ‘खोटी बातमी’ कशाला म्हणतो, याचा शोध ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉयटर्स संस्थेने २०१७ साली काही पाश्चात्त्य देशांतील लोकांशी बोलून घेतला होता. निष्कर्ष संपादकांना झोंबणारा होता. खरी बातमी आणि खोटी बातमी या दोन स्वतंत्र जाती आहेत असे लोक मानतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने फरक असतो तो प्रमाणाचा. कपोलकल्पित मजकुराबरोबरच निष्काळजी वार्तांकन, राजकीय प्रचार आणि बातमीच्या वेषातील जाहिरात यांनाही ते खोट्याच्याच रांगेत बसवितात.

महाराष्ट्रातील वाचकाला हा धडा ऑक्सफर्डकडून घेण्याचे कारण नव्हते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत त्याने एकच स्तुतिपर मजकूर, त्याच शब्दांत, परस्परांच्या स्पर्धक वृत्तपत्रांत ‘बातमी’ म्हणून छापलेला पाहिला. ‘पेड न्यूज’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला तो त्याच सुमारास. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांनी या व्यवहाराची चौकशी करून ७१ पानांचा अहवाल नावानिशी सिद्ध केला. परिषदेने २०१० साली प्रसिद्ध केली ती त्याची संक्षिप्त, नावे गाळलेली आवृत्ती. मूळ अहवाल लोकांसमोर यावयास २०११ साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. इतरांची लपवाछपवी उजेडात आणणे हे ज्या व्यवसायाचे ब्रीद, त्याने स्वतःचे प्रकरण असे झाकून ठेवले! लोक माध्यमांवर विश्वास ठेवीत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी या दोन वर्षांचा हिशेब आधी द्यावयास हवा.

मात्र वृत्तपत्रावरील विश्वास उडाला म्हणजे माणूस चिकित्सक होतो, हा भ्रम आहे. विश्वास नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. ‘सगळेच खोटे छापतात’ असे ठरविलेला माणूस मेहुण्याने पाठविलेल्या संदेशावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, कारण मेहुणा त्याच्या परिचयाचा असतो. मेहुण्याला तो मजकूर कोणी पाठविला हे मेहुण्यालाही ठाऊक नसते. पत्र पोहोचविणारा ओळखीचा म्हणून पत्र लिहिणारा सज्जन, असा हा हिशेब.

त्याची सर्वांत भीषण किंमत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मोजली गेली. आठवडी बाजारासाठी जमलेल्या जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून, देवाचे नाव घेऊन, दारी येणाऱ्या या माणसांना महाराष्ट्राने कधी उपाशी पाठविले नव्हते. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतील बालसुरक्षेच्या प्रबोधनपर चित्रफितीचा शेवट कापून तयार केलेली होती. मूल परत आणून सोडले जाते ते शेवटचे दृश्यच काढून टाकलेले. कापणाऱ्याचे नाव कोणालाही माहीत नाही. पुढे पाठविणारे मात्र ओळखीचेच होते.

पावणेदोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे तेच घडले. गुरूंच्या अंत्यसंस्कारासाठी सुरतेकडे निघालेल्या जुना आखाड्याच्या दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला चोर व मुले पळविणारे समजून जमावाने पोलिसांच्या देखत मारले. भगव्या वस्त्रांकडे पाहूनही हात थांबले नाहीत, याने हिंदू समाजाचे मन विदीर्ण झाले ते योग्यच होते. पण पुढे काय झाले? हल्लेखोर अमुक धर्माचे होते असे संदेश सुरू झाले. अटक झालेल्यांची नावे जाहीर झाल्यावर ते निराधार ठरले. आपल्या दुःखाच्या बाजूचे वाटले म्हणून अनेक सात्त्विक माणसांनीही ते पुढे पाठविले होते. ज्या अफवेने साधूंचा बळी घेतला, तिच्याच सख्ख्या बहिणीला त्यांच्या न्यायासाठी रस्त्यावर उतरविण्याचा हा प्रकार होता. त्याने न्यायाची मागणी बळकट झाली नाही. पोलिसांच्या निष्क्रियतेचा, रात्रीच्या गस्ती घालणाऱ्या टोळ्यांना मोकळे रान कोणी दिले याचा प्रश्न मागे पडला, आणि चर्चा संदेश खरा की खोटा यावर घसरली. खोटे आपल्या बाजूचे असले म्हणजे उपयोगी पडते, ही समजूत किती महाग पडते याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

मग आवर कोणी घालावा? राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा आणली. २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. वेग कमी झाला, ओढ कमी झाली नाही. केंद्र सरकारने २०२३ साली माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून सरकारी कारभाराविषयीच्या मजकुराची सत्यता ठरविणारा कक्ष नेमण्याची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरविली. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, स्वतःविषयीच्या बातमीचा न्यायाधीश तेच असावे हे पटण्यासारखे नाही. आणीबाणीत कात्री चाललेली वृत्तपत्रे ज्यांनी पाहिली, त्यांना तर ते मुळीच पटू नये.

राहता राहिले संपादक. मराठी वृत्तपत्रसृष्टीला यासाठी बाहेरचा आदर्श शोधावा लागत नाही. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कठोर मजकूर प्रसिद्ध केला तो काही पत्रांच्या आधारावर. ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर तेव्हा पंचविशीच्या आसपासचे तरुण होते, आणि त्यांचा हेतू छळल्या जाणाऱ्या राजाच्या रक्षणाचा होता. तरीही त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा डोंगरीच्या तुरुंगात ते गेले. १०१ दिवसांनी सुटले तेव्हा लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. चुकीची बातमी छापणाऱ्यांवर वाचकांचा विश्वास वाढला, हे चमत्कारिक वाटेल. पण वाचकाने पाहिले ते एवढेच की छापणाऱ्याला नाव आहे, पत्ता आहे आणि छापल्याची किंमत तो स्वतः मोजतो. ८७ टक्क्यांची बातमी छापणाऱ्यांपैकी किती जणांनी दुरुस्ती छापली, आणि छापली तर कोणत्या पानावर, किती ओळींत?

संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्याला पावती मिळते. तीत खातेक्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर असतो. वाद झाला तर त्याच पावतीवर होतो. पावती नसलेले दूध संस्था टाकीत ओतू देत नाही, कारण एका कॅनमधील नासके दूध सगळी टाकी नासविते. जिल्ह्याच्या वृत्तपत्रांनी दुधाची बातमी देताना एवढे तरी करावे, की नमुने किती तपासले, कोठून घेतले, कोणत्या कसोटीवर उतरले नाहीत आणि तपासणी कोणी केली, हे टक्केवारीच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. दूध संघांनीही आपल्या प्रयोगशाळांचे मासिक निष्कर्ष, अफ्लाटॉक्सिनसह, जाहीर करावयास संकोच बाळगू नये. गावच्या संस्थेची वार्षिक सभा भरते तेव्हा लाभांश आणि बोनस यांवर तास-दोन तास चर्चा होते. तिच्यातील पंधरा मिनिटे या निष्कर्षांच्या वाचनाला देणे अवघड नाही. सभासदांपैकी निम्म्या जणांच्या भ्रमणध्वनीत ८७ टक्क्यांचा तो संदेश अजून असेलच.